गाठीचा गोतावळा

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात काही रुग्ण मेंदूचं ऑपरेशन चालू असताना जागे होते. कवटीचा तुकडा बाजूला काढलेला, मेंदूच्या उघड्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पातळ, लवचिक पट्टी ठेवलेली आणि समोर एकामागून एक चित्रं. चित्र बघायचं आणि त्याचं नाव सांगायचं, एवढंच काम. पट्टीतले काही इलेक्ट्रोड निरोगी भागावर होते, काही गाठ पसरलेल्या भागावर. चित्र दिसल्यापासून नाव ओठांवर येईपर्यंत जो क्षणभर जातो, त्यात मेंदूत कुठे कुठे विजेची हालचाल होते हे टिपलं जात होतं. गाठीच्या जागी शांतता असणार, असं कुणीही धरून चाललं असतं. प्रत्यक्षात गाठीने पोखरलेला भाग नाव शोधायच्या कामात सामील झालेला दिसला. निरोगी माणसात ज्या भागांचा या कामाशी फारसा संबंध येत नाही, तेही जागे झालेले होते.

सरिता कृष्णा, शॉन हर्वी-जंपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे संशोधन २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. गाठ होती ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतच उगम पावणाऱ्या गाठींमधली सर्वांत घातक. २००५ सालापासून या आजाराची जी प्रमाण उपचारपद्धत ठरली आहे, तिच्या मूळ चाचणीत किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध एकत्र घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १४.६ महिने भरलं. नुसत्या किरणोपचारांवर ते १२.१ महिने होतं. वीस वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. म्हणूनच गाठ मेंदूच्या कामात भाग घेते, ही बातमी मला नुसती चकित करणारी वाटत नाही. इतकी वर्षं आपण गाठीकडे अपुऱ्या नजरेने पाहत होतो, असं ती सांगते.

घरात कुणाच्या मेंदूत गाठ निघाली की नातेवाईक एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून तीन प्रश्न विचारतात. केवढी आहे? कुठे आहे? निघेल का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि डॉक्टरही बराच काळ तेच विचारत आले. चौथा प्रश्न अलीकडचा आहे: ती कशाकशाशी जोडलेली आहे?

‘कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच एकेकाळी मोठा पराक्रम होता. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याच्या मेंदूतून गाठ काढली. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी रुग्णाच्या झटक्यांवरून आणि हाताच्या दुबळेपणावरून गाठीची जागा नुसत्या तर्काने सांगितली आणि कवटी उघडल्यावर गाठ तिथेच सापडली. रुग्ण पुढे महिनाभरात जंतुसंसर्गाने दगावला. पण मेंदूच्या प्रत्येक कामाची जागा ठरलेली असते, हा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

त्या विश्वासाचा पाया त्याआधी तेवीस वर्षं पॅरिसमध्ये घातला गेला होता. बिसेत्र रुग्णालयातला लबोर्न्य नावाचा रुग्ण ‘तां’ या एका अक्षरापलीकडे जवळजवळ काहीच बोलू शकत नसे, मात्र समोरच्याचं बोलणं त्याला समजत असे. १८६१च्या एप्रिलमध्ये तो वारला. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी दाखवली आणि बोलण्याची जागा म्हणून तो भाग त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. ब्रोकांचे मोठे उपकार असे की त्यांनी तो मेंदू कापला नाही, अख्खा जपून ठेवला. त्यामुळे जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००७ साली, नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांना तो एमआरआय यंत्रात ठेवता आला. खराबी वरच्या थरापुरती नव्हती. ती खोल आत, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्यांपर्यंत गेलेली होती. ज्या मेंदूवरून ‘जागे’चा सिद्धान्त उभा राहिला, त्याच मेंदूत वाटाही तुटलेल्या होत्या.

हे सुचलेला एक माणूस फार पूर्वी होऊन गेला. स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे कॉन्स्टंटिन फॉन मोनाको यांनी १९१४ साली मांडलं, की मेंदूच्या एका ठिकाणी इजा झाली तर तिच्याशी जोडलेला दूरचा, धडधाकट भागही काम थांबवू शकतो. पाटाला वरच्या अंगाला भगदाड पडलं की टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं; त्याच्या जमिनीत दोष नसतो, त्याच्यापर्यंत पाणीच आलेलं नसतं. मोनाकोंचं म्हणणं जवळपास हेच होतं. पण ते दाखवायचं कसं? जिवंत माणसाच्या मेंदूतली ये-जा पाहण्याचं साधन तेव्हा नव्हतं.

साधनं आली ती १९९०च्या दशकात. सेइजी ओगावांनी रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचं कामकाज एमआरआयमध्ये पकडता येतं हे दाखवलं. १९९४ साली पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सरकतात या गोष्टीचा आधार घेऊन तंतूंची दिशा मोजण्याची रीत बसवली. १९९५ साली भारतीय वंशाचे भरत बिस्वाल, तेव्हा अमेरिकेत विस्कॉन्सिनला संशोधक विद्यार्थी, एक साधी वाटणारी गोष्ट घेऊन आले. यंत्रात माणूस काहीही न करता पडून असतो, तेव्हाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूची हात हलवणारी केंद्रं एकाच संथ लयीत वरखाली होत असतात. त्या लयीला अनेकांनी यंत्राचा गोंगाट ठरवलं. आज रुग्णाला वीसेक मिनिटं स्वस्थ पडायला सांगून त्याच्या मेंदूच्या जाळ्याचा नकाशा काढतात, तो याच निरीक्षणावर. अर्धांगवायूचा, न बोलणारा, थकलेला रुग्णही या तपासणीत बसतो, कारण त्याला काही करूनच दाखवायचं नसतं.

मग २००६ साली अॅम्स्टरडॅममध्ये फाब्रिस बार्टोलोमेई, कोर्नेलिस स्टॅम आणि सहकाऱ्यांनी मेंदूत गाठ असलेल्या १७ रुग्णांची आणि १५ निरोगी माणसांची तुलना केली. त्यांचं यंत्र होतं एमईजी. चेतापेशींतल्या विजेमुळे डोक्याबाहेर जे अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हे यंत्र मोजतं. ते क्षेत्र इतकं दुबळं असतं की ती खोली बाहेरच्या चुंबकत्वापासून कवचबंद करावी लागते. निष्कर्ष मोनाकोंच्या बाजूने गेला. गाठ एका बाजूला असली तरी मेंदूच्या लांबच्या भागांमधला, अगदी विरुद्ध बाजूचाही, ताळमेळ बदललेला होता. निरोगी मेंदूत जवळच्यांचे दाट संबंध आणि लांबच्यांशी मोजके जवळचे रस्ते अशी सुरेख रचना असते. या रुग्णांत ती विसकटत चालली होती. पुढे बेल्जियममधल्या गेंटच्या गटाने ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींतून वाढणारी गाठ, ग्लायोब्लास्टोमा ही त्यातलीच) किंवा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातून वाढणारी, बहुतेकदा सौम्य गाठ) असलेल्या २५ रुग्णांच्या मेंदूची संगणकावर प्रतिकृती बांधून हेच कोडं आणखी उलगडायचा प्रयत्न केला.

या आकृत्या आणि आलेख रुग्णाच्या घरात कसे दिसतात? याचं मला सापडलेलं सर्वांत प्रामाणिक वर्णन १९३५ सालचं आहे आणि ते एका सर्जनने स्वतःच्या बहिणीविषयी लिहिलेलं आहे. माँट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड हे रुग्णाला जागं ठेवून मेंदूवर विजेची बारीक टोचणी देत नकाशा काढण्याच्या कलेतलं सर्वांत मोठं नाव. १९२८ साली त्यांनी सख्खी बहीण रूथ हिच्या मेंदूच्या उजव्या पुढच्या भागातून मोठी गाठ काढली. रूथ शुद्धीवर आली, बोलू लागली, घरी गेली. तपासणीत बोट ठेवावं असं काही नव्हतं. सव्वा वर्षाने तिने एका पाहुण्यासाठी आणि घरातल्या चौघांसाठी साधं रात्रीचं जेवण करायचं ठरवलं. दिवसभर ती त्या बेतात आनंदात होती. वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, सगळं सामान समोर होतं, एकदोन भांडी चुलीवर होती. पण सॅलड झालेलं नव्हतं, मांसाला हात लागलेला नव्हता आणि इतका वेळ एकटीने धडपडून ती गोंधळून, रडवेली होऊन गेली होती. प्रत्येक पदार्थ तिला येत होता. कशाच्या मागून काय घ्यायचं, भाजी शिजेपर्यंत दुसरं काय उरकायचं, हे एकत्र बांधणारं काहीतरी निसटलं होतं.

नैवेद्याचा स्वयंपाक एकहाती केलेल्या कुणालाही हे वर्णन वाचून पोटात कालवेल. आपल्याकडे अशा बाईला ‘ऑपरेशननंतर जरा मंद झाली’ म्हणतात आणि सोडून देतात. पुरुष असेल तर ‘चिडका झालाय, कामात लक्ष नाही’. डिस्चार्ज कार्डावर मात्र हातपाय चालतात, बोलणं स्पष्ट, तक्रार नाही. त्यात खोटं काही नसतं. तपासलंच जात नाही ते कार्डावर येणार कुठून? जाळ्यांचे नकाशे करणाऱ्यांचं काम मला मोलाचं वाटतं ते यासाठी. रूथला झालं ते मनाचं दुबळेपण नव्हतं, आळस तर नव्हताच. एकावेळी अनेक कामं सांभाळणाऱ्या दूरदूरच्या भागांमधला दुवा कमजोर झालेला असला, तर ते आज चित्रात दाखवता येतं. नवऱ्याला, सासूला, साहेबाला दाखवता येतं.

पण हे नकाशे डोळे मिटून विश्वास ठेवावेत असे नाहीत, आणि हे सांगणंही तितकंच गरजेचं आहे. मेंदूचं कामकाज टिपणारा एमआरआय थेट चेतापेशी पाहत नाही, रक्तप्रवाह पाहतो. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असल्या की जिवंत, कामाचा भागही त्या चित्रात निपचित दिसू शकतो. गाठीभोवती सूज असेल तर तंतूंचे जुडगे चित्रातून गायब होतात, मेंदूत मात्र ते असतातच. शिवाय कवटी उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, आणि आदल्या दिवशीच्या स्कॅनवर आखलेली रेघ जागेवर राहत नाही. त्या क्षणी सर्जनच्या हातात विसंबण्याजोगी एकच पद्धत उरते: रुग्णाला उठवायचं आणि विचारायचं.

डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत घट्ट धरलेलं असतं. टाळूची कातडी बधिर केलेली; मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. हिरव्या चादरींचा आडोसा असा बांधतात की रुग्णाचा चेहरा भाषातज्ज्ञाला दिसत राहावा. सर्जनच्या हातातल्या सळईला दोन बारीक टोकं असतात, एकमेकांपासून पाच मिलिमीटरवर. त्यातून काही मिलिअँपियरची वीज मोजके सेकंद दिली की तेवढा भाग तात्पुरता बंद पडतो. तेवढ्यात चित्र दाखवलं जातं. रुग्ण ‘हा...’ म्हणतो आणि थांबतो. आंबा डोळ्यासमोर आहे, चव आठवते आहे, नाव येत नाही. सळई उचलली की नाव येतं. हीच जागा पुन्हा तपासून खात्री करतात आणि मेंदूवर आकडा लिहिलेली इवलीशी कागदी चिठ्ठी ठेवतात: इथे हात लावायचा नाही. टोचणीने आकडी आलीच तर ओतायला बर्फासारखं थंड सलाइन शेजारी तयार असतं. ९० अभ्यासांतल्या ८,०९१ रुग्णांचा एकत्रित हिशेब २०१२ साली मांडला गेला. असा नकाशा करून ऑपरेशन केलेल्यांत कायमचं गंभीर अपंगत्व ३.४ टक्क्यांना आलं, नकाशाविना केलेल्यांत ८.२ टक्क्यांना. गाठही पहिल्या गटात जास्त प्रमाणात पूर्ण निघाली होती.

फ्रान्समधल्या माँपेलिएचे यूग दुफो यांनी हीच पद्धत पृष्ठभागावरून आत, तंतूंपर्यंत नेली. संथ वाढणाऱ्या ग्लायोमा हा त्यांचा विषय. या गाठी वर्षाला साधारण चार मिलिमीटर रुंदावतात. हा संथपणा रुग्णाच्या पथ्यावर पडतो, कारण मेंदूला आपली कामं हलवायला वेळ मिळतो. पक्षाघातात जो भाग मिनिटांत गेला की वाचा जाते, तोच भाग गाठीने दहा वर्षांत हळूहळू व्यापला तर माणूस व्यवस्थित बोलत असतो. ब्रोकांचा तो प्रसिद्ध भाग काढूनही बोलणारे रुग्ण दुफोंनी दाखवले आहेत. पहिल्या ऑपरेशनमध्ये जी जागा सोडावी लागली, ती काही वर्षांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये मोकळी झालेली आढळते. तिथलं काम शेजारी किंवा पलीकडच्या बाजूला गेलेलं असतं. मर्यादा एकच, पण कठोर. पृष्ठभागावरची केंद्रं जागा बदलू शकतात, खोलवरच्या मुख्य वाटा तुटल्या तर त्यांना पर्याय उभा राहत नाही. म्हणून दुफो गाठीची कड बघून थांबत नाहीत. अशी वाट समोर आली की थांबतात.

इथपर्यंतची गोष्ट अशी होती, की गाठ जाळं बिघडवते आणि मेंदू सावरतो. त्यातलं दुसरं पान स्टॅनफर्डच्या मिशेल मॉन्जे आणि हायडेलबर्गचे फ्रँक विंकलर यांनी उलटलं. मॉन्जेंच्या प्रयोगशाळेने २०१५ साली दाखवलं की चेतापेशी काम करू लागल्या की न्यूरोलिजिन-३ नावाचं प्रथिन बाहेर सोडलं जातं आणि ते ग्लायोमाच्या पेशींना वाढायला लावतं. त्याच वर्षी विंकलरांच्या गटाने पाहिलं की या गाठीच्या पेशी लांब, बारीक नळ्या काढून एकमेकींशी जोडून घेतात आणि उपचारांना पुरून उरतात. २०१९ साली दोन्ही गटांचे निबंध ‘नेचर’मध्ये एकत्र आले. निरोगी चेतापेशी गाठीच्या पेशींशी खरेखुरे सिनॅप्स, म्हणजे निरोप पोचवणारे सांधे, बांधतात, जसे त्या आपसात बांधतात, आणि त्यातून येणारी वीज गाठीला पोसते. आपण विचार करतो, बोलतो, हात हलवतो, त्या हालचालीतला थोडा वाटा गाठीच्या तोंडी जातो, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. या कामासाठी दोघांना २०२५चा ‘ब्रेन प्राइझ’ मिळाला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगाचा अर्थ आता नीट लागतो. तिथे गाठीचे जे तुकडे बाकीच्या मेंदूशी घट्ट जोडलेले होते, त्यांत नवे सिनॅप्स बांधायला लावणारं थ्रोम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन स्रवणाऱ्या पेशी अधिक सापडल्या. ज्या रुग्णांची गाठ जाळ्यात जास्त मिसळलेली, ते कमी काळ जगले आणि भाषेच्या चाचण्यांतही मागे पडले. गॅबापेंटिन हे औषध या प्रथिनाचा मार्ग अडवतं. मज्जातंतूंच्या दुखण्यावर ते आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये असतं, आणि प्रयोगशाळेत त्याने गाठीची वाढ मंदावली. २०२५ साली अमेरिकेतल्या दोन ठिकाणच्या हजाराहून अधिक रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा इतर कारणांसाठी गॅबापेंटिन घेतलेले रुग्ण जास्त जगल्याचं दिसलं. जुन्या नोंदींवरचा हा अंदाज आहे, सिद्धता नव्हे. हे वाचून कुणी डॉक्टरांना न विचारता आपल्या माणसाला गोळ्या सुरू करू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. जर्मनीत आकडीवरच्या पेराम्पॅनेल या औषधाचीही अशाच हेतूने चाचणी हाती घेतली आहे. दोन्ही औषधं जुनी आहेत, त्यांचे धोके ठाऊक आहेत, आणि कर्करोगासाठी ती शोधलेलीच नव्हती.

आपल्यापर्यंत हे ज्ञान कुठून पोचलं, त्याचाही एक धागा आहे. पेनफिल्डच्या माँट्रियलमध्ये शिकून आलेल्या जेकब चंडींनी १९४९ साली वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग उघडला. आज मेंदूची ऑपरेशनं रुग्णाला जागं ठेवून मुंबईतही होतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बिहारपासून आसामपर्यंतचे रुग्ण येतात. यंत्रं, सूक्ष्मदर्शक, किरणोपचार यांत आपण फार मागे नाही. मागे आहोत ते त्या समोर धरायच्या चित्रांत.

जगभर वापरल्या जाणाऱ्या बॉस्टनच्या नामचाचणीत ६० चित्रं आहेत. त्यांत बीव्हर आहे, बर्फाचं इग्लू आहे, प्रेट्झेल आहे, अॅस्परॅगस आहे. उदगीरच्या शेतमजूर बाईला प्रेट्झेल दाखवला आणि ती गप्प राहिली, तर विजेने तिचा शब्द अडवला की तो पदार्थ तिने कधी पाहिलाच नव्हता? उघड्या मेंदूसमोर याचं उत्तर सेकंदांत हवं असतं. चित्रं भाषांतरित करूनही भागत नाही. दुफोंचे रुग्ण नुसतं नाव सांगत नाहीत, ‘हा अमुक आहे’ असं छोटं वाक्य म्हणतात, कारण त्यात व्याकरणही तपासलं जातं. मराठीला तर तीन लिंगं आहेत. ‘हा आंबा, ही विहीर, हे घर’ यात नाव बरोबर येऊन लिंग चुकलं, तर ती वेगळ्या वाटेला लागलेली ठेच असू शकते, आणि इंग्रजी चाचणीत ती दिसणारच नाही.

शिवाय इथे एका भाषेवर कुणाचं भागतं? जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांच्या असतात आणि काही एकेकीच्याच. १९८९ साली ओजेमन आणि सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांचे नकाशे छापले. भाषेच्या जागा माणसागणिक वेगळ्या निघाल्या. धुळ्याचा ड्रायव्हर घरात अहिराणी बोलतो, शाळेत मराठी शिकला, हायवेवर हिंदी बोलतो. फक्त मराठी तपासून मराठी वाचवली आणि आईशी बोलायची अहिराणी गेली, तर कागदोपत्री ऑपरेशन यशस्वीच ठरेल. तो माणूस काय म्हणेल? ऑपरेशनआधी कुणीतरी त्याच्या बायकोला विचारायला हवं: हे झोपेतून दचकून उठले तर कुठल्या भाषेत बोलतात? पैसे कुठल्या भाषेत मोजतात? पोरांवर कुठल्या भाषेत रागावतात? एमआरआयच्या नोंदीशेजारी ही उत्तरंही लिहिलेली असावीत.

यासाठी कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. विहीर, चूल, सूप, रिक्षा, मोबाइल, बैल, कढई अशी शंभर-सव्वाशे रेखाचित्रं लागतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, घाट आणि गोवा इथल्या शिकलेल्या-न शिकलेल्या, म्हाताऱ्या-तरुण अशा काहीशे निरोगी माणसांकडून ती ओळखून घ्यावी लागतात, म्हणजे कुठल्या चित्राला कुठे काय म्हणतात आणि किती वेळात म्हणतात हे कळेल. सोबत अहिराणी, मालवणी, कोकणी, वऱ्हाडी, दख्खनी यांची पानं. एका वाक्यात दोन कामं करायला लावणाऱ्या काही चाचण्या आणि एखादी रूथच्या स्वयंपाकासारखी, पाच गोष्टी एका वेळी सांभाळायला लावणारी. हे काम वाचोपचार शिकवणारी महाविद्यालयं करू शकतात, वांद्र्याची अली यावर जंग संस्था करू शकते, विद्यापीठांचे मराठी आणि भाषाशास्त्राचे विभाग करू शकतात. त्यांच्यापैकी कुणी एकाने पुढे व्हावं आणि एखाद्या न्यूरोसर्जरी विभागाला जोडून घ्यावं. दोन वर्षांत पहिला संच ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायला मिळू शकेल.